झालं नाही, की होऊ दिलं नाही?

शनिवार, रात्र

आज भाच्याशी वाजलं. आवाज कुणाचाच चढला नाही, पण मागेही कुणी हटलं नाही. तो झोपायला गेला तेव्हा माझ्या मनात बरंच काही शिल्लक होतं. ते इथे उतरवल्याशिवाय झोप येणार नाही.

टीव्हीवर बातम्या चालू होत्या. समुद्राचं तापमान वाढतंय, शास्त्रज्ञांचा इशारा, आणि मग दोन पक्षांचे प्रवक्ते एकमेकांवर ओरडताहेत. तो मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "मावशी, तुला कंटाळा नाही येत? आधी ओझोनचं भोक, मग वाय-टू-के, मग परवाचा तो लघुग्रह. दर वेळी जग बुडणार. झालं का कधी काही?"

"झालं नाही, की होऊ दिलं नाही?" मी विचारलं.

"काय फरक पडतो?"

मला फार पडतो. त्याने ज्या तीन गोष्टी एका दमात उडवून लावल्या, त्यांतल्या एकीत, वाय-टू-केत, म्हणजे २००० साल उजाडताना संगणकांच्या तारखा चुकण्याच्या घोळात, माझी दोन वर्षं गेली आहेत आणि हे त्याला माहीतही नाही.

१९९८ साली मी नोकरीला नवीन होते. विम्याचे हप्ते आणि निवृत्तिवेतन यांचा हिशेब करणारे कोबॉल या जुन्या संगणकभाषेतले प्रोग्राम तपासायचं काम मिळालं. ते लिहिले गेले त्या काळी संगणकाची मेमरी महाग, म्हणून सालाचे शेवटचे दोनच आकडे ठेवायचे. ६१ म्हणजे १९६१. हे ९९ पर्यंत ठीक चालतं, मग येतं ००. वय काढायचं तर चालू सालातून जन्मसाल वजा करायचं. मी पहिली चाचणी घेतली ती १९५० साली जन्मलेल्या माणसाची. शून्यातून पन्नास गेले, उरले उणे पन्नास. त्या रकान्यात उणे चिन्हाला जागाच नव्हती, त्यामुळे चिन्ह गळून पडलं आणि उत्तर आलं ५०. अगदी बरोबर, कारण २००० साली तो माणूस पन्नासचाच असणार होता! मी त्या प्रोग्रामवर बरोबरची खूण करून मोकळी झाले. शेजारच्या टेबलावरच्या वरिष्ठ बाई म्हणाल्या, "एका नमुन्यावर कधी विश्वास ठेवायचा नाही. अजून एक घे." दुसरा घेतला १९६१ चा. उत्तर ६१. एकोणचाळीस वर्षांचा माणूस एका रात्रीत एकसष्टचा झाला होता आणि प्रोग्रामने त्याचं निवृत्तिवेतनही सुरू करून टाकलं होतं. ती खूण खोडताना पोटात कसा गोळा आला होता, ते आजही आठवतं.

अशा शेकडो ओळी. तारखेच्या रकान्याला 'तारीख' असं सरळ नाव असेल तर नशीब. नाहीतर कुणीतरी वीस वर्षांपूर्वी काहीबाही नाव देऊन नोकरी सोडून गेलेला असायचा. लीप वर्षाचा घोळ वेगळाच. १०० ने भाग जाणारं साल लीप नसतं, इथवरचा नियम बऱ्याच जणांनी लिहिलेला होता; ४०० ने भाग गेला तर असतं, हे राहून गेलं होतं. म्हणजे २९ फेब्रुवारी २००० हा दिवसच त्या प्रोग्रामच्या लेखी उगवणार नव्हता.

३१ डिसेंबर १९९९ च्या रात्री आम्ही बाराजण ऑफिसात होतो. बारा वाजले, यंत्रं चालू राहिली, रात्रीचे हिशेब बिनचूक उतरले. वरिष्ठ बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. आणि महिन्याभरातच वरच्या साहेबांनी बैठकीत विचारलं, "काहीच झालं नाही, मग एवढा खर्च कशासाठी केला?" आमची तुकडी मोडली. चौघांची कंत्राटं पुढे वाढवलीच नाहीत. तो प्रश्न मला पंचवीस वर्षं बोचतोय, आणि आज तोच प्रश्न घरात ऐकला.

रविवार

सकाळी त्याला वरचं सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं, मग म्हणाला, "पण ज्या देशांनी फारसं काही केलं नाही, तिथेही विमानं पडली नाहीत."

हा मुद्दा खरा आहे. मी दुपारभर त्यावर विचार केला. एक तर ज्यांनी स्वतः काही केलं नाही, त्यांनाही दुरुस्त केलेला माल आयताच मिळाला. ऑपरेटिंग सिस्टिम आणि तयार सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी मुळातच चुका काढल्या होत्या, त्याचा फायदा सगळ्या जगाला झाला. दुसरं, विमानं पडतील, अणुभट्ट्या फुटतील ही भाकितं खरंच भडक होती, आणि त्या भीतीवर काहींनी पैसे उकळले हेही मी नाकारत नाही. पण जे चुकलं ते कसं दिसलं, ते पाहायला हवं. इंग्लंडमध्ये शेफील्डच्या एका रुग्णालयातल्या प्रयोगशाळेत २००० च्या सुरुवातीचे काही महिने गर्भवतींचं वय चुकीचं धरलं जात होतं. बाळाला डाउन सिंड्रोम हा जन्मजात दोष असण्याची जोखीम काढताना आईचं वयही धरतात. दीडशेहून जास्त बायकांना चुकीचे निकाल गेले. ज्यांची जोखीम जास्त होती त्यांना 'काळजीचं कारण नाही' असं सांगितलं गेलं. माझा तो १९६१ चा नमुना आणि ही चूक जवळपास सख्ख्या बहिणी आहेत. आकाशातून काही पडलं नाही. एका रकान्यात आकडा चुकला आणि तो माणसांच्या आयुष्यात जाऊन बसला.

हे ऐकल्यावर तो गप्प झाला. मला जिंकल्यासारखं अजिबात वाटलं नाही.

ओझोनचं मात्र मी त्याला सविस्तर सांगितलं, कारण विज्ञान, तंत्रज्ञान आणि राजकारण तिघांनी मिळून एखादी गोष्ट तडीस नेली, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. १९७४ साली मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी मांडलं की फ्रिजमधला आणि स्प्रेच्या डब्यांमधला क्लोरोफ्लुरोकार्बन वायू खालच्या हवेत मोडत नाही. तो वर चढतो, वर अतिनील किरणांनी फुटतो, आणि सुटा झालेला क्लोरीनचा एक अणू ओझोनचे हजारो रेणू मोडतो. तेव्हा हे कागदावरचं रसायनशास्त्र होतं, आणि उद्योगांनी ते धुडकावून लावलं. पुढे १९८५ साली अंटार्क्टिकातल्या हॅली या ब्रिटिश संशोधन तळावरचे आकडे प्रसिद्ध झाले. तिथे जो फार्मन आणि त्यांचे सहकारी १९५० च्या दशकापासून चालत आलेली मोजणी नेटाने पुढे नेत होते. साधं, कंटाळवाणं, कुणाच्या बातमीत न येणारं काम! ऑक्टोबरातलं ओझोनचं जे मोजमाप पूर्वी ३०० डॉब्सन एककांच्या (ओझोनचा थर मोजायचं माप) आसपास असायचं, ते २०० च्या खाली घसरलं होतं.

आणि मला सगळ्यात मोलाची वाटते ती १६ सप्टेंबर १९८७ ची तारीख. त्या दिवशी ओझोन मोडणाऱ्या वायूंवर लगाम घालणाऱ्या माँट्रियल करारावर सह्या झाल्या, तेव्हा अंटार्क्टिकातल्या भोकाचं कारण निर्विवाद सिद्ध झालेलं नव्हतं. तो पुरावा गोळा करणारी विमानं त्याच आठवड्यांत तिथे उडत होती, आणि त्यांचे निष्कर्ष सह्यांनंतर जाहीर झाले. म्हणजे राजकारण्यांनी 'आधी शंभर टक्के खात्री आणा' असं म्हणत दिवस काढले नाहीत. आधी निम्म्या कपातीचं ठरलं, मग १९९० आणि १९९२ ला करार कडक केला, गरीब देशांना बदल परवडावा म्हणून निधी उभारला. आज जगातल्या एकूण एक देशाची त्याला मान्यता आहे. असं फार थोड्या करारांबद्दल म्हणता येतं.

भाचा म्हणाला, "मग भोक बुजलं का?" नाही बुजलेलं. २०२२ च्या आढाव्याप्रमाणे अंटार्क्टिकावरचा ओझोनचा थर १९८० च्या पातळीला यायला साधारण २०६६ उजाडेल. त्याने मनातल्या मनात हिशेब केला. तेव्हा तो साठी ओलांडलेला असेल. मी बहुधा नसेन.

सोमवार

लघुग्रहाबाबत मला त्याचं अर्धं म्हणणं मान्य करावं लागलं. २०२४ वायआर४ नावाचा हा लघुग्रह चिलीतल्या दुर्बिणीला २७ डिसेंबर २०२४ ला दिसला. साधारण ६० मीटरचा. २२ डिसेंबर २०३२ ला तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता १८ फेब्रुवारी २०२५ ला ३.१ टक्क्यांपर्यंत चढली आणि आठवडाभरात ०.०१ टक्क्याच्याही खाली आली. इथे कुणी काही टाळलं नाही. तो आदळणार नव्हताच. आपल्याला ते नंतर कळलं.

"बघ, शास्त्रज्ञ चुकले," तो म्हणाला.

मी भिंतीवर टॉर्च धरला. झोतात कॅलेंडरचा खिळा होता. म्हटलं, हा झोत म्हणजे लघुग्रह जिथून जाऊ शकेल ती सगळी जागा, आणि खिळा म्हणजे पृथ्वी. निरीक्षणं वाढतात तसा झोत आवळत जातो. मी टॉर्च पुढे नेला. झोत लहान झाला, खिळा अजून आतच, त्यामुळे झोतातला त्याचा वाटा वाढला. म्हणून टक्केवारी चढली. आणखी पुढे नेला, झोत किंचित सरकला आणि खिळा अंधारात गेला. यात चूक कुठे झाली? आकडा आधी वाढून मग शून्यावर येणं हे मोजणी नीट चालल्याचं लक्षण आहे. पण बातमी येते ती चढत्या आकड्याची, ठळक अक्षरांत. उतरत्या आकड्याला कोपऱ्यात दोन ओळी. वाचणाऱ्याच्या मनात उरतं ते 'उगाच घाबरवलं'.

त्याने टॉर्च माझ्या हातून घेतला आणि स्वतः दोनदा करून पाहिलं.

मला खरी चीड येते ती इथे. पहारा ठेवणाऱ्याला काही सापडलं नाही की पहाराच फुकटचा ठरतो. २०१० पासून जगभर बंदी असलेल्या सीएफसी-११ या क्लोरोफ्लुरोकार्बनचं उत्सर्जन वाढतंय, हे २०१८ साली कळलं ते हवेचे नमुने वर्षानुवर्षं मोजणाऱ्या केंद्रांमुळेच. कोरिया आणि जपानमधल्या केंद्रांच्या आकड्यांवरून पुढच्या वर्षी माग पूर्व चीनपर्यंत लागला, आणि उत्सर्जन पुन्हा खाली आलं. मोजणारे नसते तर चोरी कधीच उघड झाली नसती. आणि तरीही २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने मांडलेल्या अर्थसंकल्पी प्रस्तावात हवाईमधल्या मौना लोआ वेधशाळेच्या पैशांवरच घाव होता. तिथे १९५८ पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतात. तेव्हा दहा लाख भागांत ३१५ च्या आसपास होता, २०२५ च्या मे महिन्यात ४३० च्या वर गेला. अशी सलग नोंद एकदा तुटली की कितीही पैसे ओतले तरी मधली वर्षं परत मिळत नाहीत. साठ-सत्तर वर्षांचं वहीतलं पान फाडण्यासारखं आहे हे. कुठल्याही पक्षाचं सरकार असो, मला त्याच्याकडून एवढंच हवंय की मोजणाऱ्यांच्या हातातली वही काढून घेऊ नका.

मंगळवार, रात्र

आज त्यानेच विचारलं, "मावशी, वाय-टू-केसारखं पुढे काही आहे का?"

आहे. अनेक संगणक १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून वेळ ठरवतात. जुन्या यंत्रांमध्ये त्या मोजणीला ३२ बिटांची, म्हणजे शून्य-एकाच्या ३२ घरांची जागा आहे, आणि ती २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ सेकंदांना भरते. जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे १९ जानेवारी २०३८, पहाटे ३ वाजून १४ मिनिटं ७ सेकंद.

माळ्यावरचा जुना लॅपटॉप काढला. त्यात त्या काळची ३२ बिटांची लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम अजून आहे. आधी इंटरनेट तोडलं, नाहीतर तो आपोआप खरी वेळ लावून घेतो. तारीख त्याला टाकायला दिली. त्याने ३:१४:०० लावली आणि आम्ही दोघं पडद्याला नाक लावून बसलो. चार, पाच, सहा, सात. आणि पुढची ओळ उमटली: शुक्रवार, १३ डिसेंबर १९०१, रात्रीचे ८:४५:५२.

तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "हे अजून कशाकशात आहे?"

नव्या संगणकांत ६४ बिटांची मोजणी आहे, त्यांची काळजी नाही, असं सांगितलं. अडचण आहे ती भिंतीत, कारखान्यात, खांबावर बसवून विसरलेल्या छोट्या यंत्रांची. ती वीस-वीस वर्षं चालतात आणि त्यांचा प्रोग्राम बदलायला कुणी जात नाही. कुणीतरी बसून त्यांची यादी करावी लागेल, एकेक तपासावं लागेल, आणि एका नमुन्यावर विश्वास ठेवता येणार नाही. हे शेवटचं वाक्य मी त्या बाईंच्याच सुरात म्हणाले, ते म्हणून झाल्यावर लक्षात आलं.

मी हे लिहितेय तेव्हा साडेबारा वाजून गेलेत. तो अजून लॅपटॉपसमोर बसलाय. आता फाइली सेव्ह करून तारीख उलटल्यावर त्यांचं काय होतं ते बघतोय, आणि शेजारी माझी जुनी वही उघडून काहीतरी लिहून ठेवतोय.