पुंगळीचं मोल
आज तोड्याची बंदूक आणि आजची रायफल शेजारी शेजारी पाहिल्या. नजर नळीकडे जाते; क्रांती मात्र पितळी पुंगळीने, म्हणजे दारू आणि गोळी धरणाऱ्या काडतुसाच्या कवचाने केली.

तोड्याला, म्हणजे बार पेटवणाऱ्या जळत्या दोरीला, पाऊस नडायचा. चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीवर चालणाऱ्या बंदुकीत तोडा गेला, पण कानात (आग नळीत नेणाऱ्या बारीक छिद्रात) काजळी बसली की नुसती रंजक (बाहेरची पेटवणीची दारू) भडकायची, बार उडायचाच नाही. १८०७ साली स्कॉटिश पाद्री फोर्सिथने आघाताने पेटणाऱ्या दारूचं पेटंट घेतलं आणि पुढे पेटवणी काडतुसातच आली.

बार उडताना पुंगळी दाबाने फुगून, काडतूस बसतं त्या कोठीच्या भिंतीला घट्ट बसते, वायू मागे येऊ देत नाही. दाब उतरला की किंचित आकसते, म्हणून ओढून काढता येते. जाताना उष्णताही नेते (हे सगळे विसरतात). जर्मन जी११ रायफलीत ४.७३ मिमीचं बिनपुंगळीचं काडतूस होतं; तापलेल्या रायफलीत ते चाप न ओढताच पेटायचं. शेवटी दारूच बदलावी लागली.

अमेरिकी लष्कराच्या नव्या ६.८ मिमी काडतुसाचं अंग पितळी, बूड पोलादी, कारण सुमारे ८०,००० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) दाब नुसत्या पितळेला झेपत नाही. प्लॅस्टिकच्या पुंगळ्या वजन वाचवतात, पण त्यांचंही बूड धातूचंच. पुंगळी इतक्यात जाईल असं मला तरी वाटत नाही.