चौदाला तेराची काच

दुपारी दीड वाजता पुण्यात पासोड्या विठोबाजवळ मोबाइलच्या काचा-कव्हरांचं एक दुकान चक्क उघडं होतं. माझ्यापुढे एक काका. हातात आयफोन १४. तो मुलाने अमेरिकेहून पाठवलाय, हे काच मागायच्या आधीच सांगून झालेलं. दुकानातल्या पोराने खणातून पाकीट काढलं. त्यावर छापलेलं: १३, १३ प्रो, १४.

"अरे, हा चौदा आहे."

"एकच काच बसते काका तिन्हींना."

"अशी कशी बसेल?"

"समोरून काही बदललंच नाही ना."

काकांचा चेहरा असा पडला, की मला मुलाचीच काळजी वाटली. मग पोरालाही दया आली असावी. "कव्हर मात्र चौदाचंच घ्या हां. कॅमेऱ्याचं भोक जरा मोठंय." काका खुलले. बघा, म्हणजे बदललंय की! कव्हरसुद्धा घेतलं, आणि घासाघीस न करता.

त्या पोराचा खण बघत राहिलो. फोनमध्ये नवीन काय आलं हे त्याच्याइतकं नेमकं कुणाला ठाऊक असणार? त्याच्या लेखी शोध म्हणजे भोक सरकणं. भोक सरकलं की जुना माल पडून राहतो. घडीचे फोन २०१८-१९ मध्ये आले त्याचं जगाला कोण कौतुक, पण ह्याचं म्हणणं, "आतल्या स्क्रीनला काच लागत नाही, मग आम्ही विकायचं काय?"

मला एकदम आमचा किल्ला आठवला. चौथीत होतो. वाड्यात दिवाळीचा किल्ला म्हणजे पोत्याने आणलेली माती, वर्तमानपत्रावर आदल्या आठवड्यात पेरलेले अळीव आणि महाराजांपेक्षा उंच झालेले दोन मावळे. त्या वर्षी मी सलाईनची रिकामी बाटली गॅलरीच्या कठड्याला टांगली, नळी मातीतून फिरवली, टोकाला रिफिलचा तुकडा खोचला. बालेकिल्ल्यावर कारंजं! उडायचं वीतभरच, पण उडायचं. परीक्षक आले, म्हणाले, "पाण्याने तटबंदी खचतेय", आणि पुढच्या वाड्यात गेले. पुढच्या वर्षी त्याच पुढच्या वाड्याने तेच कारंजं केलं. खाली बल्ब, बल्बला लाल जिलेटिन, आणि पाटी: 'शिवकालीन जलयोजना'. पहिला नंबर. "काय कल्पकता आहे!" हे मी माझ्या कानांनी ऐकलं. बक्षीस कंपासपेटी होती. रंगही लक्षात आहे, निळा.

त्यामुळे आयफोननेच टच फोन आणला असं कुणी म्हणालं, की माझी तटबंदी खचते. आयबीएमच्या सायमन नावाच्या फोनला १९९४ मध्ये बोटाने चालणारा पडदा होता. एलजीचा प्राडा डिसेंबर २००६ मध्ये जाहीर झाला, आयफोन दाखवला जानेवारी २००७ मध्ये. म्हणजे तोही नंतरच. आता त्या सायमनचं वजन अर्धा किलो होतं आणि आयफोन हातात घेतल्यावर लोकांना तो सोडवेना, हे खरंय. जिलेटिनलाही अक्कल लागते, हे मला चाळिशीनंतर कळलं. पण पाटी! सगळी जादू पाटीत. २०१६ मध्ये हेडफोनचं भोक बुजवलं, तेव्हा ॲपलवाले मंचावरून म्हणाले, याला धैर्य लागतं. सॅमसंगने त्यांची यथेच्छ टिंगल केली आणि २०१९ च्या नोट १० मध्ये तेच भोक गुपचूप बुजवलं. आमच्याकडे असं धैर्य महापालिका पावसाळ्यानंतर दाखवते. एकेका खड्ड्यापुरतं.

घरात आलेली खरी नवलाई विचाराल तर बाबांचा नोकिया ११००. २००३ चं मॉडेल. त्याच्या डोक्यावर इवलासा दिवा होता. बाबा त्याला 'बॅटरी' म्हणत, म्हणून फोनची बॅटरी उतरली की नेमकं काय उतरलंय हे दरवेळी विचारावं लागे. लोडशेडिंगच्या रात्री जिन्यात तो उजेड खाली-वर व्हायचा आणि कोण चाललंय ते पावलांवरून कळायचं. त्याला शोधबिध कुणी म्हणाल्याचं आठवत नाही. बाबा गेले त्यानंतर खणात तो सापडला. चार्ज केला, दिवा लागला.

असो. किल्ल्याचं एक सांगायचं राहिलं. ती सलाईनची नळी मी आदल्या दिवाळीत साताऱ्याला मामाच्या शेजारच्या किल्ल्यावर पाहिली होती. त्या मुलाचं नाव मी विचारलं नव्हतं.