लान्सिंगची कॉइल

आमच्या बाबांचा सांगलीला मंडप-साउंडचा धंदा. गणपतीत स्पीकरची कॉइल, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, जळली की आवाज जायच्या आधी वासावरूनच त्यांना कळायचं. सकाळी ओसरीवर बसून ते ब्लेडने जुना कोन, म्हणजे स्पीकरचा कागदी पडदा, कापून काढायचे आणि मी फेव्हिबाँडची ट्यूब धरून शेजारी. स्पीकरच्या डब्यावरचं 'जेबीएल' हे एका माणसाचं नाव आहे, हे मात्र मला लॉस एंजेलिसला येऊन कळलं.

जेम्स बी. लान्सिंग. जन्म १९०२चा, इलिनॉयमधला. मूळ आडनाव मार्टिनी. १९२७ साली भागीदाराबरोबर याच शहरात त्याने स्पीकरचा कारखाना काढला. बोलपट नुकतेच आले होते. थिएटरातल्या तेव्हाच्या भोंग्यांत खालचे आणि वरचे सूर पुढेमागे पोहोचत, टॅप डान्सच्या टाचेचा एकच ठोका दोनदा ऐकू येई. एमजीएम स्टुडिओने त्यावर नवी यंत्रणा उभी केली, तिचे स्पीकर लान्सिंगच्या कारखान्यातले.

पैशाची बाजू भागीदार सांभाळायचा. १९३९ मध्ये विमान अपघातात तो गेला आणि गाडं रुतलं. १९४१ साली कंपनी अल्टेक नावाच्या दुसऱ्या कंपनीने घेतली. तिथली पाच वर्षं संपवून १९४६ मध्ये लान्सिंगने पुन्हा स्वतःची कंपनी काढली.

त्या कंपनीचा डी-१३० हा स्पीकर परवा शेजारच्या आजोबांनी गॅरेजमधून काढून दाखवला. पंधरा इंची कोन, मधोमध अॅल्युमिनियमची घुमटी, मागे जडच्या जड चुंबक. कॉइल चार इंची! गोल तारेच्या वेढ्यांत फटी राहतात, म्हणून यात चपटी तार कडेवर उभी करून गुंडाळलेली. चुंबकाच्या तेवढ्याच फटीत जास्त धातू मावतो आणि थोड्या वॉटमध्ये स्पीकर मोठा वाजतो. ही कल्पकता बघून मला बाबांचीच आठवण आली.

कर्ज मात्र वाढत गेलं. सप्टेंबर १९४९ मध्ये लान्सिंगने स्वतःचं आयुष्य संपवलं. वय अवघं ४७. त्याच्या विम्याचे दहा हजार डॉलर आले, त्यावर कंपनी तगली. हे वाचल्यापासून ती अक्षरं दिसली की मला गलबलून येतं.

मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. स्पीकर बघून ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "कोन दाबून बघ रे, कॉइल घासते का."

दोन्ही हातांच्या बोटांनी हळूच दाबला. सरळ आत गेला, सरळ बाहेर आला. कुठे खरखर नाही.