आडोसा शेजाऱ्याचा

पत्र्याची शेड करून घ्यायला येणारा माणूस आधी रंग विचारतो, मग चौरस फुटाचा दर. ती कुठे उभी करायची हे त्याने घरूनच ठरवून आणलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ती जागा गेटजवळची असते, कारण गाडीतून सामान उतरवायला बरं पडतं.

आमचं फॅब्रिकेशनचं काम दापोली तालुक्यात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या उत्तरेला, रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर. दापोली-मंडणगडात नारळी-पोफळी आडव्या झाल्या, घरांची छपरं गेली. नंतर कित्येक महिने आम्ही नवीन असं काही केलंच नाही. उडालेलं शोधून आणायचं, सरळ करायचं, परत बसवायचं. तेव्हापासून जागा पाहिल्याशिवाय मी दर सांगत नाही. गिऱ्हाइकाला हा भाव खाण्याचा प्रकार वाटतो. वाटू दे.

ज्या शेडमुळे हे लिहायला बसलोय ती दहा बाय आठची, अगदी लहान. काका-काकू पुण्याचे, निवृत्तीनंतर आंजर्ल्याच्या अलीकडे वीस गुंठ्यांची वाडी घेतलेली. नारळ, सुपारी, त्यावर चढवलेली मिरी. ग्रास कटर, फवारणीचा पंप, कोयते, नारळ सोलायचा सोलणा, ठिबकच्या नळ्या आणि खताच्या गोण्या हे सगळं घराच्या पडवीत पडलेलं असायचं. ते काकूंना नको होतं, आणि त्यांचं बरोबरच होतं. युरियाची गोणी एकदा फुटली की कोकणातल्या हवेत तिचं पाणी व्हायला वेळ लागत नाही, आणि ते पाणी ज्या लोखंडाला लागेल ते खाऊन टाकतं.

काकांनी आधी मोबाइलवर एक फोटो दाखवला. परदेशातल्या कुठल्याशा बागेतली लाकडी खोली, इवलीशी खिडकी, पुढे फुलांच्या कुंड्या. दिसायला झकास. पण आमच्याकडे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि उरलेल्या महिन्यांत वाळवी. स्वस्तातलं लाकूड इथे जमिनीला टेकवणं म्हणजे तिला पंगतीला बसवणं. मग त्यांनी ऑनलाइन मिळणारं तयार किट काढलं. पत्रा असा की अंगठ्याने दाबला तर खड्डा पडावा, आणि जमिनीत ठोकायला चार खुंट्या. "चार तासांत उभी राहते म्हणे," काका म्हणाले. मी म्हटलं, "उडायला तेवढाही वेळ लागणार नाही." काकू हसल्या. काका हसले नाहीत.

छपरावर वारा किती जोर लावतो याचा हिशेब अवघड नाही. जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३३ मीटर; त्या वेगाला दर चौरस मीटरवर साधारण ६५ ते ७० किलोचा भार येतो. या शेडचं छप्पर बाहेर आलेल्या कडा धरून सव्वाशे चौरस फुटांच्या आसपास. म्हणजे त्याला वर उचलू पाहणारा जोर साडेसातशे किलोपर्यंत जाऊ शकतो, आणि छपराच्या अख्ख्या पत्र्याचं वजन पन्नास-पंचावन्न किलो. छप्पर खाली पडू नये म्हणून खांब लागतात हे सगळ्यांना पटतं. ते वर जाऊ नये म्हणून खर्च करायचा असतो, हे सांगायला गेलं की माणसं घड्याळ बघतात.

जागेवरून मात्र खरी जुंपली. काकांच्या ओळखीच्या कोणा वास्तुतज्ज्ञाने सांगितलं होतं, जड वस्तू नैऋत्येला. त्यांचा नैऋत्येचा कोपरा म्हणजे वाडीतली सगळ्यात उघडी जागा. पलीकडे खाजणाची, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीची, मोकळी पट्टी, आणि पावसाळ्याचा वारा नेमका तिथून आत शिरतो. मी ईशान्येची बाजू पाहत होतो, तर वाडी सांभाळणारे आबा मान हलवत उभे. "नाय ओ, इकडनं पऱ्या येतो." पऱ्या म्हणजे पावसाळी ओढा. मला तो कुठे दिसेना, हिवाळ्याचे दिवस. आबांनी गडग्याजवळ, म्हणजे हद्दीच्या दगडी भिंतीजवळ, नेऊन चिऱ्यावरची मातीची रेघ दाखवली, जमिनीपासून वीतभर वर. डोंगराचं पाणी दर आषाढात तिथवर चढतं. मधल्या भागात नारळ. नारळाखाली शेड घालू नये हे सांगायला माझी गरज नाही, तरी लोक घालतात, आणि एका झावळीने पोचा पडला की फोन मला येतो.

उरली पश्चिमेची हद्द. गडग्यापलीकडे शेजाऱ्याच्या जागेत सुरूच्या झाडांची जुनी दुहेरी रांग, तीसेक फूट उंच. शेजारी मुंबईला, वर्षातून एकदा गणपतीला येणारे. सुरूसारखा आडोसा नाही. भिंत वारा अडवते तशी तो पूर्ण अडवत नाही, गाळून सोडतो. भिंतीच्या मागे वारा गिरक्या घेतो, तसं याच्यामागे होत नाही. झाडांच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत फरक जाणवतो असं धरतात. मी खिशातला रुमाल हातात धरून नैऋत्येच्या कोपऱ्यात उभा राहिलो तर तो फडफडत होता, आणि सुरूमागे आलो तर लोंबायला लागला. काकांनी ते पाहिलं आणि वास्तूचा विषय सोडला. निदान त्या दिवसापुरता.

आता कामाबद्दल थोडं सांगतोच, कारण काम चांगलं झालं होतं. चार कोपऱ्यांना दीड फूट लांब, रुंद, खोल खड्डे, प्रत्येकात सव्वादोनशे किलोच्या वर काँक्रीट. त्यावर आठ मिलिमीटर जाडीची बेस प्लेट, बोल्टने कसलेली. खांब काँक्रीटमध्ये गाडायचा नाही. गाडलेला पाइप बरोबर जमिनीच्या पातळीला गंजतो आणि वरून रंग मारत बसलेल्या माणसाला ते कळतही नाही. पाइप जीआयचे, म्हणजे जस्ताचा थर दिलेले, घेतले, पण वेल्डिंग केलं की त्या जागेवरचं जस्त जळून जातं. तिथे ब्रशने घासून झिंकचा हात दिला नाही तर समुद्राकाठी दुसऱ्या पावसाळ्यात सांध्यातून तांबडे ओघळ सुरू. निम्मे वेल्डर हे करत नाहीत. विचारलं तर म्हणतात, कलर मारलाय ना.

पत्रा ०.५० मिलिमीटरचा. हा मी दुकानातच मायक्रोमीटर लावून मोजतो, कारण रंगाचा थर धरून ०.५० आणि नुसतं पोलाद ०.५० यांत फरक असतो, आणि दुकानदार कुठला आकडा सांगतोय हे तो आपणहून सांगत नाही. पत्रे घालायला सुरुवात वारा जिकडे जातो त्या टोकाकडून. मग पुढचा प्रत्येक पत्रा मागच्यावर चढतो आणि जोडाची उघडी कडा वाऱ्याच्या तोंडाला येत नाही. स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर, खोलगट भागात नाही. आणि स्क्रू किती आवळायचा, हे मी माझ्याकडच्या पोराला अजून शिकवतोय: रबरी वॉशर लोखंडी वॉशरच्या कडेबाहेर जेमतेम डोकावला की थांबायचं. आणखी पिळला तर पत्रा बशीसारखा दबतो, पाणी साचतं, रबर फाटतं. पोरांना ड्रिल मशिनचा आवाज आवडतो, त्यामुळे थांबणं अवघड जातं.

काकूंची एकच मागणी होती. पश्चिमेकडून छप्पर अडीच फूट बाहेर काढा, खाली बाकडं टाकून संध्याकाळचा चहा घेता येईल. उघड्यावर मी हे केलं नसतं. बाहेर आलेल्या छपराला वारा खालून ढकलतो आणि वरून ओढतो. पण समोर सुरूची रांग होती. काढलं. त्याच बाजूला जाळीची खिडकीही ठेवली.

मे महिन्यात त्याच गावात एका गेटचं माप घ्यायला गेलो होतो. वळणावरून शेडचं छप्पर दिसलं. तिथून ते दिसायला नको होतं.

सुरूची रांग नव्हती. ओंडके एका बाजूला रचलेले, जेसीबी बुंधे उकरत होता. शेजाऱ्यांनी जागा विकलेली, घेणाऱ्याला तिथे रिसॉर्ट बांधायचं. त्यांचं काही चूक नाही, झाडं त्यांच्या हद्दीत. आबा गडग्यावर बसून बघत होते. मला पाहून म्हणाले, "आता समुद्र घरात आला." मी शेडच्या पश्चिमेला उभा राहिलो. मे महिन्याची दुपार, वादळबिदळ काही नाही, नेहमीचा खारा वारा. पण बाहेर काढलेल्या छपराच्या टोकाला हात लावला तर पत्रा हलकासा थरथरत होता.

तिथूनच काकांना फोन लावला. पाऊस यायच्या आत तीन गोष्टी करायला हव्यात: बाहेरच्या छपराला खांबापासून तिरपे पाइप, कडेच्या सगळ्या ओळींना मोठ्या वॉशरचे 'J' आकाराचे बोल्ट, आणि जाळीला बंद होणारी झडप. कारण वारा एकदा आत शिरला की छप्पर आतूनही ढकलतो. साहित्याचेच साडेसहा हजार.

पलीकडे जरा वेळ शांतता. मग काका म्हणाले, "म्हणजे आधीचं काम कच्चं होतं?"

मी म्हटलं, "काका, काम तेच आहे. जागा बदललीय."

"शेड हललीय का?"

"शेड नाही हलली. शेडपुढचं गेलं."

"अहो, पण मी पैसे दिले ते शेडचे. शेजाऱ्याच्या झाडांचे नाही दिले."

यावर मला उत्तर सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर अजून सुचलेलं नाही. कोटेशनवर मी 'पश्चिमेला सुरूचा आडोसा धरून' असं लिहिलं होतं. ते काकांच्या मेहुण्यांनी, जे स्वतः इंजिनिअर आहेत, शोधून काढलं आणि मलाच दाखवलं. म्हणे तुम्हाला ठाऊक होतं की ही शेड झाडांच्या भरवशावर आहे. होतंच की. किनाऱ्यावरची प्रत्येक वाडी कशाच्या ना कशाच्या भरवशावर उभी आहे. झाडं गृहीत न धरता केली असती तर दर तेव्हाच वाढला असता, आणि हेच मेहुणे म्हणाले असते की एवढ्याशा खोलीला एवढं लोखंड कशाला.

हिशेब माझा भाऊ बघतो. त्याचं म्हणणं सोपं: त्यांना नको तर नको, लेखी घे आणि सोड. पण उडालेला पत्रा हद्द बघून पडत नाही. शेडच्या उत्तरेला पन्नास पावलांवर आबांचं घर आहे. घरात नातवंडं असतात. लेखी घेऊन मी काय करणार होतो?

शेवटी साहित्याचे पैसे काकूंनी पाठवले, काकांना न विचारता असं मला वाटतं, आणि मजुरी आम्ही धरली नाही. भाऊ दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. तिरपे पाइप लावल्यावर चहाच्या बाकड्यावर बसताना डोक्याला लागतात अशी काकूंची तक्रार आली, तीही रास्त.

पावसाळा गेला. शेडला काही झालं नाही. काकांचा दसऱ्याला फोन: "बघा, काही झालं नाही. उगाच खर्च केलात." आता यावर काय बोलणार? जुलैच्या एका झडीत पलीकडच्या वाडीतल्या गोठ्याचे पत्रे उठले, पण त्यावरून काही सिद्ध होत नाही. ते कुजलेल्या वाशांवर खिळ्यांनी ठोकलेले होते. आमची शेड पहिल्या अवस्थेत टिकली असती का, हे मला माहीत नाही, काकांनाही माहीत नाही. फरक एवढाच की त्यांना झोप लागते. मी जून-जुलैत वाऱ्याचा आवाज वाढला की उठून बसत होतो.

आता नवंच सुरू झालंय. रिसॉर्टवाल्यांनी भराव टाकून जागा उंच केली आणि हद्दीवर चिऱ्याची सात फुटी भरीव भिंत घातली. वारा अडेल म्हणून काका खूश. मी नाही, भरीव भिंतीमागची गिरकी नेमकी छपराच्या उंचीला येते. शिवाय पूर्वी खाजणात उतरणारं पाणी आता भिंतीशी अडून शेडच्या जोत्याकडे वळलंय, परतीच्या पावसात ते आबांनी पाहिलं. आणि रिसॉर्टची दुमजली इमारत उठतेय ती बरोबर नैऋत्येच्या कोपऱ्यासमोर. काकांचं म्हणणं, आता तिथे आडोसा झाला, शेड तिकडे हलवा, आधीपासून मी तेच सांगत होतो. आबांचं म्हणणं, इमारतीच्या कोपऱ्याला वारा कापत येतो, तिथे नको, विहिरीजवळ घ्या. माझं मत आबांकडे झुकतंय, पण इमारतीचा दुसरा मजला चढल्याशिवाय ते नक्की सांगता येणार नाही, आणि काकांना उत्तर या आठवड्यात हवंय.

हलवता येईल, तो प्रश्न नाही. खांब गाडलेले नाहीत, नट सोडले की सांगाडा मोकळा. पत्रे उतरवले की आठ माणसांत उचलतो. परवा जाऊन चारही प्लेटींचे नट पान्याने अर्धा अर्धा आटा फिरवून पाहिले. फिरतात. खड्ड्यांचा आणि काँक्रीटचा खर्च मात्र नव्याने येईल, आणि या वेळी कोटेशनमध्ये मजुरी भाऊ लिहिणार आहे.