तुम्ही विचारलंत म्हणून: रंग ओरिजिनल आहे का?

भिंतीवरच्या नकाशाकडे बघून जो तो हेच विचारतो, म्हणून एकदाच लिहून टाकते. नाही. ॲमस्टरडॅमच्या ब्लाऊ या नकाशे छापणाऱ्या घराण्यानं छापलेला मुघल साम्राज्याचा नकाशा आहे, कागद सतराव्या शतकातलाच, रंग मात्र कुणीतरी खूप नंतर दिलाय. झालं समाधान?

आता माझं ऐका. हे नकाशे तांब्याच्या पत्र्यावरून नुसते काळ्या शाईत छापायचे, रंग हवा तर वेगळे पैसे. योआन ब्लाऊचा १६६२ चा ११ खंडी ॲटलस रंगवलेला घ्यायचा तर जवळजवळ १०० गिल्डर (तिथलं तेव्हाचं चलन) जास्त मोजावे लागायचे. त्याच्या आधी अँटवर्पचा नकाशाकार ऑर्टेलियस, त्यानं १५७० च्या ॲटलसमध्ये नकाशे करणाऱ्या ८७ जणांची यादी छापली, केवढा दिलदार माणूस, पण ब्रश चालवणाऱ्यांची यादी कुठेय? आणि हा स्वतः १५४७ मध्ये अँटवर्पच्या चित्रकारांच्या गिल्डमध्ये, म्हणजे संघात, नकाशे रंगवणारा म्हणून नाव नोंदवलेला!

हे सगळं मी जुन्या नकाशांच्या एका डीलरला ऐकवलंय. आईचं ऑपरेशन होतं, पैसे कमी पडत होते, म्हणून नकाशा विकायला काढला होता. मी बोलतेय बोलतेय, आणि त्यानं शांतपणे फ्रेम उघडून नकाशा पालथा घातला. जुन्या हिरव्या रंगात तांब्याचा गंज असतो, तो वर्षानुवर्षं कागद खातो, मागून तपकिरी रेघ उमटते, कधी कागद तिथेच चिरतो. माझ्या नकाशाची पाठ स्वच्छ, मागचा छापील मजकूर तेवढा. "डाग असता तर किंमत होती हो मॅडम," म्हणाला आणि निम्मे सांगितले. खराब झाला नाही म्हणून निम्मे! मला तिथेच रडू फुटलं, आता ते नकाशासाठी होतं असं कोण म्हणेल. शेवटी बांगड्या मोडल्या. सोनारानं घडणावळ धरली नाहीच, पण निदान पालथं घालून बघितलं नाही.

आणि हो, माहितीये, त्याआधी एका मित्राचा नकाशा मीच असा उलटून "नंतरचा रंग, मग वॉलपेपरच की" म्हणाले होते. तेव्हा मी जाणकार आणि डीलर म्हणाला तर दुष्ट, असं कसं? उत्तर नाही माझ्याकडे. कुठेही नकाशा हातात आला की आजही आधी पाठच बघते. डीलरचं चुकलं नव्हतं. तरी त्याच्या दुकानात मी पाऊल ठेवणार नाही.