वही क्रमांक तीन: तेवीसपैकी सतरा

2024-25चा फुटबॉल हंगाम संपला, बाहेरगावच्या सामन्यांची माझी वही मिटली. इंग्लंडच्या नॅशनल लीग साऊथमध्ये 24 संघ, म्हणजे आमच्या स्लाऊ टाऊन क्लबचे बाहेरगावचे सामने 23. त्यातले माझे बघून झाले 17. पहिल्या वहीत नऊ होते, दुसऱ्या वहीत तेरा. ऑगस्टमध्ये मी तेवीसच्या तेवीस करणार असं भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. तेव्हा ज्यांनी नुसतं "बघू की" म्हटलं, त्यांनी आता पोटभर हसून घ्यावं.

नवीन मंडळींसाठी दोन ओळी. इंग्लंडच्या फुटबॉलच्या इमारतीत वरच्या चार मजल्यांवर 92 क्लब राहतात. त्याखाली सगळं नॉन-लीग. पाचवा मजला नॅशनल लीग, सहाव्यावर तिचे दोन भाग, नॉर्थ आणि साऊथ. आम्ही साऊथमध्ये. खेळाडू बहुतेक अर्धवेळ, दिवसा कामधंदा करून संध्याकाळी सरावाला येणारे. मंगळवारी रात्री लांबचा सामना असला की कुणीतरी साहेबाची परवानगी काढून लवकर निघालेला असतो, आणि त्यात मीही असतो.

मी स्लाऊचाच का, हा प्रश्न दरवर्षी येतो. मी कोल्हापूरचा, मंगळवार पेठेतला. आमच्याकडे माणूस कुठल्या तालमीचा हे तो स्वतः ठरवत नाही, घराचा पत्ता ठरवतो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी मंडळ हे तालमींचे फुटबॉल संघ समोरासमोर असले की बाबा मला खांद्यावर घेऊन जायचे, आणि आई घरी येताच आमचे आवाज बसलेत का ते बघायची. इकडे आल्यावर ऑफिसात पहिल्याच आठवड्यात विचारलं, "आर्सेनल की चेल्सी?" मी विचारलं, "घरापासून चालत कुठलं आहे?" सगळे हसले. पण स्टोक रोडवरचं स्लाऊचं मैदान, आर्बर पार्क, माझ्या दारापासून वीस मिनिटांवर आहे, आणि पेठेच्या नियमाने विषय तिथंच संपला.

वहीत स्कोअर लिहीत नाही. स्कोअर कुठंही मिळतो. माझे रकाने असे: किती वाजता निघालो, कुणाबरोबर, चहा कसा, कुठं उभा राहिलो आणि भडंग किती उरलं. भडंगाचं सांगतो. पहिल्या वर्षी समर्थकांच्या बसमध्ये मी कोल्हापुरी भडंगाचा डबा उघडला. मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्याने एक मूठ तोंडात टाकली, कान लाल झाले, डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्याने दुसरी मूठ मागितली. तेव्हापासून डबा रिकामा परत येतो. यंदा सतरापैकी एकदाच उरलं, आणि त्या दिवशी आम्ही इतके वाईट हरलो होतो की परतीच्या वाटेवर कुणाला भूकच नव्हती.

हंगामाच्या मध्यावर एक नवा रकाना आखला: "हा क्लब कधी बेघर होता का?" त्याला कारण तोच म्हातारा.

त्याने मला स्लाऊची जुनी गोष्ट सांगितली. 1998 साली क्लब पाचव्या मजल्यावर होता, क्रमवारीतही चांगला वर होता, पण मैदानात नियमाइतक्या बसायच्या जागा नव्हत्या म्हणून खाली ढकलला गेला. 2003 मध्ये वेक्सम पार्क हे मैदानही गेलं. मग चार वर्षं विंडसरला दुसऱ्याच्या मैदानात, त्यानंतर बीकन्सफील्डला. आर्बर पार्क उघडलं ते ऑगस्ट 2016 मध्ये. म्हणजे तेरा वर्षं स्लाऊचा क्लब स्लाऊमध्ये खेळलाच नाही. "तू बाहेरगावचे सामने मोजतोस," म्हातारा म्हणाला, "आम्हाला तेरा वर्षं सगळेच बाहेरगावचे होते." पुढे लागोपाठ दोन वर्षं, 2017 आणि 2018 मध्ये, एफए कप या सगळ्या मजल्यांच्या बाद स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीचा सामना आर्बर पार्कवर झाला. दोन्ही वेळा वरच्या मजल्यावरच्या संघाने आम्हाला हरवलं. त्याची आठवण सांगताना त्याच्या बोलण्यात स्कोअर येतच नाही. घरून चालत गेलो, एवढंच तो सांगतो.

मग मी बघायला लागलो तर निम्म्या मैदानांवर हीच कथा.

मेडस्टोनला गेलो. त्यांची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच, तरी सांगतो, कारण स्टँडमध्ये उभं राहून ती ऐकणं वेगळं असतं. 1988 मध्ये त्यांनी गावातलं मैदान विकलं आणि डार्टफर्डकडे भाड्याने राहायला गेले. 1989 मध्ये तशा बिऱ्हाडी अवस्थेतच फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे वरच्या 92 क्लबांत, पोचले. 1992 मध्ये क्लब बुडाला. जाताना डार्टफर्डलाही घेऊन बुडाला, त्यांचंही मैदान गेलं आणि त्यांना स्वतःचं घर परत मिळायला 2006 उजाडलं. (डार्टफर्ड दुसऱ्या वहीत आहे. छपरावर गवत उगवलेलं मैदान, चहा उत्तम.) मेडस्टोनवाल्यांनी अगदी तळापासून, जिल्ह्याच्या लीगमधून परत सुरुवात केली आणि 2012 मध्ये स्वतःच्या गावात मैदान बांधलं. जानेवारी 2024 मध्ये याच क्लबने एफए कपच्या चौथ्या फेरीत इप्सविचला त्यांच्याच मैदानावर 2-1 ने हरवलं. सहाव्या मजल्यावरच्यांनी दुसऱ्यावरच्यांना! आमच्या बसमध्ये त्या दिवशी सगळे स्वतःचा सामना सोडून फोनमध्ये डोकी घालून बसले होते.

मेडस्टोनचं मैदान आमच्यासारखंच कृत्रिम गवताचं. शुद्धतावादी मंडळी नाक मुरडतात, पण त्या मैदानाचं भाडं आठवडाभर येतं, शाळेची पोरं खेळतात, पाऊस पडला तरी सामना होतो. मात्र फुटबॉल लीगमध्ये वर जायचं तर ते उखडावं लागतं. सटन क्लबला 2021 मध्ये उखडावं लागलं. एवढं कमावून वर जा आणि पहिलं काम काय, तर कमाईचं साधन खणून काढा. मला हे पटत नाही, बाकी तुमचं तुम्ही बघा.

बाथ. ट्वर्टन पार्कवर मैदानाला चक्क उतार आहे. टीव्हीवर कळत नाही, तिथं गेलं की चेंडू आपण होऊन निघाल्यासारखा वाटतो. नाणेफेक जिंकणारा कप्तान कुठला अर्धा उताराला घेतो यावर आमच्याकडे दहा मिनिटं वाद झाला. हे मैदान दुसऱ्यांचं घर झालेलं: ब्रिस्टल रोव्हर्सने 1986 पासून दहा वर्षं इथं भाड्याने काढली. चहा बरा. पाय आठवडाभर दुखले, कारण मी स्टेशनवरून चालत गेलो.

चेम्सफर्डविषयी कमी बोललेलं बरं. मैदानाभोवती धावण्याचा ट्रॅक आहे. नॉन-लीगची सगळी गंमत कठड्याला टेकून उभं राहण्यात. गोलकीपरचा श्वास ऐकू येतो, लाइनमनला तुमचं मत ऐकू येतं आणि तो कधी कधी उत्तरही देतो. ट्रॅकच्या पलीकडून ओरडायचं म्हणजे पंचगंगेच्या एका काठावरून दुसऱ्या काठावरच्याला हाक मारण्यातला प्रकार.

टॉर्कीला जून-जुलैतला समुद्र डोळ्यांसमोर ठेवून गेलो आणि आडवा पाऊस मिळाला. त्यांच्या प्लेनमूर मैदानावर चहाच्या रांगेत त्यांच्या एका काकूंनी मला कुत्र्याची गोष्ट ऐकवली. 9 मे 1987, शेवटचा सामना, क्रू संघाविरुद्ध 2-1 ने मागे, हरले की लीगमधून बाहेर. तेवढ्यात ब्रिन नावाचा पोलिसांचा कुत्रा त्यांच्या मॅकनिकलला चावला. त्याच्या मलमपट्टीत गेलेला वेळ शेवटी जोडून मिळाला आणि त्या जादा वेळात डॉब्सनने बरोबरी साधली. टॉर्की वाचलं, त्यांच्याऐवजी लिंकन खाली गेलं. काकूंनी हे इतक्या मायेने सांगितलं की मला वाटलं, कुत्रा घरचाच असावा.

आता फजिती. जानेवारीत एका मैदानावर (नाव घेत नाही, चुकलो मीच) दोन गाड्या बदलून पोचलो, तर दारावर कागद: मैदान गोठलंय, सामना रद्द. सकाळी पंचांनी पाहणी करून निर्णय दिला होता. मी गाडीत झोपलो होतो आणि फोन पिशवीत. चहाची टपरीही बंद. तिथल्या कुलपाशेजारी थर्मास उघडून उभ्या उभ्या भडंग खाल्लं. बायकोला फोन केला तर म्हणाली, "मग वहीत धरणार का हे?" धरलं नाही. आखलेला रकाना तसाच कोरा ठेवलाय. त्या सामन्याची नवी तारीख मंगळवारी रात्रीची निघाली आणि मला सुट्टी मिळाली नाही.

यंदाची वारी म्हणजे ट्रुरो. स्लाऊपासून जवळपास चारशे किलोमीटर, कॉर्नवॉलच्या पोटात. सहाच्या आत घर सोडलं, रेडिंगला गाडी बदलली. डॉलिशला रूळ समुद्राच्या भिंतीवरून जातात, लाटांचे थेंब काचेवर येतात. गाडीतले सगळे त्याच बाजूला सरकले. साल्टॅशला ब्रुनेल या इंजिनिअरचा 1859चा पूल. आमच्या स्लाऊवरून जाणारा रेल्वेमार्गही त्यानेच आखलेला, म्हणजे अख्खा दिवस एकाच माणसाच्या कामावरून फिरलो. ट्रुरोचं नवं मैदान गावाबाहेर, वाऱ्याला उघडं. त्यांचा क्लबही अनेक वर्षं परागंदा होता, प्लिमथ, टाँटन, अगदी ग्लॉस्टरपर्यंत जाऊन "घरचे" सामने खेळलेला. (ग्लॉस्टरवाले स्वतः 2007च्या पुरानंतर तेरा वर्षं बेघर होते! हा रकाना आता मला पुरत नाही.) 2024 मध्येच ते कॉर्नवॉलला परतले होते. लोकांच्या अंगात आल्यासारखं वातावरण होतं. मध्यंतरात आम्ही नेहमीप्रमाणे एका गोलामागून दुसऱ्या गोलामागे चाललो होतो, आमचा संघ ज्या बाजूला हल्ला करणार तिकडे. समोरून त्यांची मंडळी येत होती. एकाने माझ्या मफलरीचा रंग बघून विचारलं, "कुठून?" "स्लाऊ." "आज सकाळी निघालात?" "हो." त्याने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "आमचं तीन वर्षं असंच चाललं होतं, तेही घरच्या सामन्याला."

रात्री साडेअकराला दार उघडलं. भडंग शून्य. चहा, दहापैकी नऊ.

आणि त्याच ट्रुरोने हंगाम जिंकला, घरी परतल्यावर पहिल्याच फटक्यात वर गेले. म्हणजे ती वारी बंद. मला वाईट वाटलं हे कबूल करतो, प्रवासाचं आणि त्या माणसाचं.

राहिलेली सहा. एक गोठलेलं. दोन मंगळवारच्या रात्रीमुळे गेली. एकदा पोराला ताप होता. एकदा गावाकडे गेलो होतो. सहावं बोरहॅम वूड. नकाशा काढून बघा, ट्रुरोच्या मानाने ते माझ्या अंगणात आहे, गाडीने तासाभरात. म्हणूनच प्रत्येक वेळी म्हणत राहिलो, तिथं काय, कधीही जाऊ. सामन्याच्या दिवशी घरात रंगाचं काम काढलं होतं, मीच, कारण तारीख लक्षात ठेवायची गरजच वाटली नव्हती.

बोरहॅम वूडही प्लेऑफ, म्हणजे पहिल्याच्या खालच्या संघांमधली लढत, जिंकून वर गेलं. आता स्लाऊ वर चढेल, ते खाली येतील किंवा कपात गाठ पडेल तेव्हाच. तोवर चौथ्या वहीच्या पहिल्या पानावर त्याचं नाव लिहून, पुढे सगळे रकाने आखून ठेवलेत. म्हाताऱ्याला दाखवलं तर तो म्हणाला, भडंगाचा रकाना जरा मोठा आख.