मोख्याची ओळख पटली तो दिवस

महाराष्ट्रात 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार नागरी भागात ठरावीक काळाने वृक्षगणना करावी लागते. अशाच एका गणनेत पुण्यातल्या एका जुन्या आवारातील झाडासमोर ‘अनोळखी’ असा शेरा पडला होता आणि एप्रिलमधल्या एका सकाळी ते तपासण्याचे काम माझ्याकडे आले.

नवी पालवी नुकतीच फुटली होती. पाने समोरासमोर, संयुक्त, टोकाला एक सुटी पर्णिका असलेली; त्यामुळे पाडळ किंवा मेडशिंगी असावी, हा सोबतच्या सहकाऱ्याचा अंदाज अगदीच निराधार नव्हता. परंतु त्या कुळातल्या आपल्याकडच्या झाडांना लांब शेंगा येतात, आणि इथे तर गेल्या हंगामाची, पेअरच्या आकाराची कठीण लाकडी फळे टोकाकडून दोन शकलांत उकलून फांद्यांवर लोंबत होती. खाली पडलेल्या एका फळात पंख असलेले एक बी अडकून राहिले होते. पंख असलेल्या बिया मात्र पाडळ-मेडशिंगीच्या कुळातही असतात, म्हणून निकाल फुलावरच लागणार होता.

“मॅडम, रात्री या झाडाचा वास पार फाटकापर्यंत येतो,” असे म्हणत तिथल्या रखवालदारकाकांनी पहाटे गळलेली फुले ओंजळीत आणून दिली. मळकट पांढऱ्या पाकळ्यांवर तपकिरी खरबरीत ठिपके होते. पाकळ्या खाली जुळून झालेली नळी मी ब्लेडने उभी चिरली आणि भिंगाखाली धरली, तेव्हा आत चिकटलेले पुंकेसर दिसले फक्त दोन. पाडळीच्या कुळात ते सहसा चार असतात; दोन पुंकेसर ही पारिजातक आणि जाई-जुईच्या कुळाची खूण. त्या कुळात संयुक्त पानांचा, लाकडी फळांचा आपल्याकडचा वृक्ष म्हटला की मोखाच, म्हणजे श्रेबेरा स्विटेनिऑइडिस.

तरीही शेरा बदलण्यापूर्वी मी थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिकोशातील वर्णन ताडून पाहिले (हे कुक पुण्याच्याच विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य होते). फुलोरा, फळ आणि बी यांची वर्णने जुळली. पानाफुलांची फांदी दाबून वाळवण्यासाठी वर्तमानपत्रात घातली, फळ वेगळ्या पाकिटात ठेवले आणि नोंदवहीत मोख्याचे नाव लिहून पुढे बुंध्याचा घेर मोजायला घेतला.